वहिनीच्या नावाचं खातं

माझी वहिनी मेलेल्या माणसांना परत आणते, असं दादा लग्न ठरल्यावर घरी कौतुकाने म्हणाला, तेव्हा बाबा त्याच्यावर खेकसले होते. "काय अभद्र बोलतोस!" पण त्यात खोटं काही नव्हतं. वहिनी जुने फोटो दुरुस्त करायची. ओल लागून पोपडे सुटलेले, मधोमध घडी पडून नाक दुभंगलेले, कुणीतरी रागाच्या भरात फाडून नंतर चिकटवलेले. लग्नाआधी ती एका स्टुडिओत हे काम करत होती. स्टुडिओ बंद पडला, तशी तिने घरच्या घरी, कॉम्प्युटरवर सुरू केलं.

काम मिळायचं ते एका साइटवर. जगभरातले लोक तिथे कामं टाकतात आणि जगभरातले लोक ती मागतात. काम संपलं की गिऱ्हाईक तारे देतं. तारे जास्त, तर तुमचं नाव वर. काही दिवस हात थांबवला की नाव घसरत घसरत इतकं खाली जातं की कुणाला सापडत नाही. वहिनीचं नाव वर होतं. नावाशेजारी तिचा फोटो होता, दादाने स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं करून काढलेला, निळ्या स्वेटरमधला.

तिची कामाची तऱ्हा वेगळी होती. एखाद्या फोटोत डोळ्याच्या जागी बुरशीचा डाग असेल, तर ती मनाने डोळा काढून बसवायची नाही. गिऱ्हाइकाला लिहून विचारायची, यांचा दुसरा एखादा फोटो आहे का? भावाबहिणीचा तरी? आणि तो येईपर्यंत फोटो तसाच, एका डोळ्याचा, तिच्या पडद्यावर पडून असायचा. बाबा पाणी प्यायला म्हणून उठत आणि तिच्या मागे उभे राहून विचारत, "काय ग, या आजोबांचा डोळा आला का?" सासऱ्या-सुनेचं त्या दोघांचं बरं जमायचं.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. दादाची नोकरी. धाकट्या भावाची नोकरी नवी, तिथे रजा मिळणं मुश्कील. मी लग्न होऊन दुसरीकडे, माझी मुलं लहान. धाकट्याची बायको नुकतीच घरात आलेली. बोलता बोलता सगळ्यांचे डोळे फिरत फिरत वहिनीवर येऊन थांबले.

"तू तर घरीच असतेस," दादा म्हणाला.

घरी असणं आणि घरी बसून काम करणं यात फरक आहे, हे तेव्हा त्या टेबलावर कुणीही म्हणालं नाही. वहिनीही नाही. तिने एवढंच विचारलं, "आणि माझं खातं? ते पडून राहिलं तर संपेल."

त्यावर तोड काढली धाकटीने. धाकटी म्हणजे धाकट्या भावाची बायको. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, चटपटीत, आणि लग्नानंतर नोकरी शोधून शोधून वैतागलेली. "ताई, तुमचं खातं मी चालवते ना," ती म्हणाली. "तुम्ही परत येईपर्यंत. नाव तुमचंच राहील, माझाही हात बसेल."

वहिनीने तिला शेजारी बसवून शिकवलं. पासवर्ड दिला. आपली खुर्चीही दिली, कारण ती तेवढ्या उंचीची घरात एकच होती. आणि बाबांच्या खोलीत गेली.

डॉक्टर म्हणाले होते, फार तर काही महिने. बाबांनी आयुष्यभर कुणाचं ऐकलं नव्हतं, डॉक्टरांचं तरी कशाला ऐकतील? वर्षामागून वर्ष गेलं. वहिनी त्यांना कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, घास मऊ करून भरवायची. त्यांच्या तोंडून येणाऱ्या आवाजाचा अर्थ फक्त तिला लागायचा. मी भेटायला गेले की बाबा काहीतरी पुटपुटत आणि मी बावळटासारखी वहिनीकडे बघे. ती म्हणे, "तू वाळलीस म्हणतायत." खरंच तसं म्हणत होते की ती माझं मन राखत होती, देव जाणे.

आणि भिंतीपलीकडे धाकटी काम करत होती. मन लावून करत होती, हेही सांगायला हवं. घरात दुसरा पगार आल्यासारखं झालं. बाबांची औषधं, हवेची गादी, सगळ्याला त्याचा हातभार लागला. मध्येच नवी सोय निघाली होती. फोटो टाका, बटण दाबा, चेहरा लख्ख. धाकटीने ती लगेच उचलली. वहिनीला ज्याला आठवडा लागायचा, ते ती चहा उकळेपर्यंत करायची. गिऱ्हाइकं खूश. वहिनीच्या नावापुढे तारेच तारे.

फक्त एक अडचण होती. साइटवाले अधूनमधून खात्री करून घेत, की खात्यावर बसलेलं माणूस तेच आहे ना. कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवावा लागे. तो चेहरा धाकटीकडे नव्हता.

एकदा मी तिथेच होते. वहिनी बाबांना अंघोळ घालत होती, म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसत होती. दारातून धाकटीने डोकं आत घातलं. "ताई, जरा येता का? चेहरा हवाय."

"आत्ता?"

"दोन मिनिटं. नाहीतर खातं अडकेल."

वहिनीने बाबांच्या अंगावर टॉवेल टाकला, हात पुसले, गेली. खुर्चीत बसली. पडद्यावर गोल आला, त्यात तिचं तोंड बसलं. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, पापण्या मिटा. केस विस्कटलेले, कपाळावर घाम. हिरवी खूण उमटली. धाकटी म्हणाली, "झालं. थँक्यू ताई." वहिनी उठून परत आली आणि पाणी गार झालं म्हणून नवं आणायला गेली. मला त्या वेळी गंमत वाटली होती. मी हसलेही होते. वहिनी हसली नव्हती.

बाबा गेले. सगळं आवरल्यावर बाहेरच्या खोलीत त्यांचा मोठा फोटो लागला. तो धाकटीने केला होता, आजारपणाआधीच्या एका पुसट फोटोवरून. कातडी गुळगुळीत, दात पांढरे, डोळ्यांत चमक. दोघे भाऊ बघत राहिले. "वा! काय फर्स्टक्लास झालाय," धाकटा म्हणाला. मलाही आवडला, खरं ते सांगते.

वहिनी बराच वेळ समोर उभी होती. मग म्हणाली, "हे बाबा नाहीत."

"म्हणजे?" धाकटी म्हणाली.

"बाबांची डावी पापणी जड होती. आधीपासून. आणि हनुवटीवर खड्डा होता, दाढी करताना तिथे नेहमी खुंट राहायचे. हा कुणीतरी टूथपेस्ट विकणारा आहे."

"वहिनी, राहू दे ना," मी म्हणाले. दादाने विषय बदलला. फोटो तिथेच राहिला. कुणी काढला नाही की बदलला नाही.

त्याच आठवड्यात वहिनीने धाकटीला सांगितलं, "आता मी मोकळी झाले. माझं काम सुरू करते म्हणते."

धाकटी चहा गाळत होती. "करा की ताई. छानच आहे."

"मग खातं कधी देतेस?"

तिने गाळणं खाली ठेवलं. "खातं? ताई, त्यात आता माझीच गिऱ्हाइकं आहेत. तुमची जुनी तर केव्हाच गेली. ते तारे बघा एकदा, बहुतेक माझ्या कामाचे आहेत."

"नाव कुणाचं आहे?"

"नाव तुमचं आहे. मी कुठे नाही म्हणते? पण नावाने फोटो दुरुस्त होत नाहीत ना." मग ती जरा नरमली. "असं करा, तुम्ही नवीन खातं उघडा. मी मदत करते. तुमच्यासारख्या बाईला काय अवघड आहे?"

वहिनीने नवीन खातं उघडायला घेतलं. दादाच्या जुन्या लॅपटॉपवर, जेवणाच्या टेबलावर. नाव भरलं, ओळखपत्र जोडलं, चेहरा दाखवला. उत्तर लगेच आलं. या व्यक्तीचं खातं आधीपासून आहे. दुसरं उघडण्याचा प्रयत्न केल्यास कायमची बंदी घालण्यात येईल.

तिने ते मला फोनवर वाचून दाखवलं. "मी माझीच तोतया ठरले," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. तिच्या त्या शांतपणाची मला नेहमीच धास्ती वाटते.

दादाने मध्यस्थी करायचं ठरवलं, म्हणजे दोघींना समजुतीने घ्या असं सांगितलं. वहिनीला म्हणाला, "अगं, पैसे घरातच येतायत ना? तू जरा आराम कर. इतकी वर्षं राबलीस." मला वाटतं, या आराम शब्दाने जे व्हायचं ते झालं. वहिनी वाट बघत राहिली.

कशाची, ते पुढच्या महिन्यात कळलं. एका सकाळी धाकटी नेहमीसारखी दारात आली. "ताई, जरा येता का? चेहरा हवाय."

वहिनी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "आज चेहरा मिळणार नाही."

"ताई, चेष्टा नको. माझी तीन कामं अडकलीत."

"माझी तर सगळीच अडकलीत."

धाकटीने आधी विनवलं, मग ती चिडली, मग रडली. धाकट्याला फोन करून कामावरून बोलावून घेतलं. तो आला आणि वहिनीसमोर उभा राहून म्हणाला, "वहिनी, तुम्ही चक्क ब्लॅकमेल करताय." ज्या वहिनीने याला कॉलेजच्या परीक्षांना डबा करून दिला, ती भाजी निवडत राहिली. शेंगांच्या शिरा काढून एकीकडे, शेंगा एकीकडे.

संध्याकाळी धाकटीने कागदावर पासवर्ड लिहून टेबलावर ठेवला. "घ्या. तुमचं आहे ना? घ्या. पण एक सांगते ताई. बाबांचं तुम्ही केलंत, मान्य आहे. पण मी काही इथे झोपा काढत नव्हते. तुमचं नाव मी जिवंत ठेवलं. तुम्ही कधी एका शब्दाने विचारलंत, की अगं, पाठ दुखत नाही का तुझी?"

वहिनीने विचारलं नव्हतं. हेही खरं होतं.

खुर्ची भिंतीच्या अलीकडे आली. वहिनी कितीतरी वर्षांनी आपल्या नावाशेजारच्या त्या निळ्या स्वेटरमधल्या फोटोपुढे बसली. आणि दोन दिवसांत तिच्या ध्यानात आलं, की घर तर मिळालं, पण आतली माणसं निघून गेलीत. धाकटीने पासवर्ड देण्याआधी नेहमीच्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले होते, मी आता माझ्या स्वतःच्या नावाने काम करणार आहे, तिकडे या. जवळजवळ सगळे गेले. मी धाकटीला त्याबद्दल छेडलं, तर ती म्हणाली, "मी काही चोरून नेलं नाही. माझी माणसं मी माझ्याबरोबर नेली."

वहिनी नवी कामं मागू लागली. सगळं बदललं होतं. पूर्वी माणूस माणसाला लिहायचा. आता अर्ज करायलाच आधी पैसे मोजून पॉइंट घ्यायचे, आणि अर्ज कुणी उघडला की नाही हेही कळायचं नाही. कामं कशी, तर पोतंभर फोटो, उद्या सकाळपर्यंत. कुणी लिहायचं, माणसाचा हात लागला नाही तरी चालेल, स्वस्त हवं. ती तरीही रोज बसायची. अर्ज लिहायची, खोडायची, परत लिहायची. मला फोनवर म्हणायची, "अग, यांना फोटो नकोच आहेत. यांना काहीतरी नवं कोरं हवंय."

शेवटी एक काम मिळालं. देणारा गृहस्थ जुना होता, धाकटीच्या काळातला. तो लोकांना त्यांच्या घराण्याची पुस्तकं करून द्यायचा. त्याला बहुधा निरोप मिळाला नव्हता, किंवा त्याने वाचला नव्हता. त्याने जुन्या लग्नातले फोटो पाठवले. वहिनी हरखली. तिने आपल्या पद्धतीने काम केलं. एका बाईचा अर्धा चेहरा डागात गेला होता, म्हणून तिने लिहून विचारलं, यांचा दुसरा फोटो मिळेल का? त्याने कळवलं, कशाला? नेहमीसारखं करून टाका. तिने परत विचारलं. मग त्याने उत्तरच दिलं नाही. तिने जेवढं दिसत होतं तेवढं स्वच्छ केलं, उरलेलं हलक्या हाताने सावलीत ठेवलं आणि पाठवलं.

त्याने दोन तारे दिले. खाली लिहिलं, मी यांच्याबरोबर अनेक वर्षं काम केलं आहे. पूर्वी या झटपट आणि सुंदर काम करत, प्रश्न विचारत नसत. आता वेळ लावतात, चेहरे निस्तेज राहतात. यांना काय झालं आहे कळत नाही. पूर्वीसारखं काम राहिलं नाही.

ते मला दाखवायला ती माझ्या घरी आली होती. फोन माझ्या हातात देऊन सोफ्यावर बसली.

"बघ. मी माझ्यापेक्षा वाईट आहे."

"खरं काय ते लिही ना त्याला," मी म्हणाले.

"काय लिहू? की मी ती नव्हतेच? म्हणजे मग इतकी वर्षं खोटी होते, असं लिहू?"

ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पदराने न पुसता मनगटाने पुसलं, चष्मा न काढता.

यानंतर जे झालं, ते धाकटीच्या चांगुलपणाने झालं, असं मी म्हणेन. तिलाही तो अभिप्राय दिसला. साइटवर कुणालाही दिसतो. ती वहिनीकडे आली आणि अगदी मनापासून म्हणाली, "ताई, तुम्ही उगाच जीव काढता. ते बटण वापरा. मी दाखवते, सोपं आहे. आणि तुम्हाला कामं मिळेनात तर माझ्याकडची थोडी देते. जास्तीची आहेत माझ्याकडे."

दादा तिथेच होता. तो म्हणाला, "बघ, किती समजूतदार आहे. घे की."

वहिनीने "बघते" असं म्हटलं. दुपारी घर रिकामं असताना ती बसली आणि साइटच्या मदतकेंद्राला पत्र लिहिलं. नंतर तिने ते मला वाचून दाखवलं. लांबलचक नव्हतं. हे खातं माझं आहे. मी आजारी माणसाची सेवा करत असताना अनेक वर्षं ते माझ्या जावेने चालवलं. चेहरा तपासायच्या वेळी मी येऊन बसत असे. त्या काळातलं काम माझं नाही. ते माझ्या नावावरून काढून टाका आणि माझं जेवढं आहे तेवढंच ठेवा. मला तेवढं पुरेल.

तिला खरंच वाटलं होतं का, की ते निवडून निवडून काढतील? शेंगांच्या शिरा काढाव्यात तसं? मला अजून ठरवता आलेलं नाही. बाई साधी आहे, पण खुळी नाही.

उत्तर यायला वेळ लागला नाही. खातं दुसऱ्याला वापरू दिल्याबद्दल वहिनीचं खातं कायमचं बंद. आणि त्याच पत्त्यावरून, त्याच इंटरनेटवरून चालणारं, त्याच प्रकारात सामील असलेलं दुसरं खातंही कायमचं बंद. धाकटीचं. तिच्या स्वतःच्या नावाचं, तिच्या स्वतःच्या चेहऱ्याचं, नुकतं कुठे रांगायला लागलेलं.

मला धाकट्याचा फोन आला, तेव्हा मागून आरडाओरडा ऐकू येत होता. मी पोचले तर धाकटी जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. तिचा आवाज बसला होता. वहिनी स्वयंपाकघरात उभी.

"यांनी मुद्दाम केलं," धाकटी मला म्हणाली. "मी कामं देते म्हटलं, तेच यांना झोंबलं. स्वतःचं तर घालवलंच, माझंही बुडवलं."

धाकटा वहिनीच्या अंगावर धावून गेल्यासारखा पुढे झाला. "का केलंत असं? काय मिळालं तुम्हाला?"

"मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही," वहिनी म्हणाली.

"खरं लिहायला कुणी सांगितलं होतं?"

दादा मध्ये पडला, पण कुणाच्या बाजूने तेच त्याला समजत नव्हतं. बायकोला म्हणाला, "निदान मला विचारायचंस." त्यावर वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं, की तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

वर्ष होत आलं त्याला. धाकटी आता एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. दिवसभर शिव्या खाऊन येते आणि घरी कुणाशी बोलत नाही. वहिनी बाजारातल्या एका फोटोच्या दुकानात जाते. ओळखपत्राचे फोटो काढायचे, कापायचे, पाकिटात घालायचे. माणूस मान सरळ करून बसतो, ती बटण दाबते, झालं. दुरुस्ती करायला तिथे सवड नसते, आणि सवड मिळाली तरी मालकाला खपत नाही. स्वयंपाक दोन झालेत. धाकटा दुसरी जागा बघतोय. ऐपतीत बसत नाही म्हणून अजून इथेच आहे. मी गेले की आधी एकीकडे चहा घेते, मग दुसरीकडे. एकीकडे जास्त वेळ बसले तर दुसरीचं तोंड फुगतं.

परवा गेले तेव्हा वहिनी कामावरून आलेली होती, पाय पाण्यात सोडून बसली होती. दिवसभर उभं राहून घोटे सुजतात. मी हळूच विचारलं, "वहिनी, कधी वाटतं का ग, ते पत्र पाठवायला नको होतं?"

तिने एक पाय पाण्यातून काढला, पुसला. दुसरा काढला.

"वाटलं तरी तुला सांगणार नाही," ती म्हणाली. "तू तिचीही नणंद आहेस."

मग तिने पाण्याची बादली उचलली आणि मला म्हणाली, जरा सरक.